मियाटाच्या उजव्या पुढच्या हबचं प्रकरण

गाडी: १९९९ ची माझदा मियाटा, दुसरी पिढी, १.८ लिटर इंजिन, एबीएस नाही. मूळ गाडीत केलेले बदल: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), जाड अँटिरोल बार, १५ × ९ इंची चाकं (ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, ३६ मिमी, मूळ ४०), २२५/४५ चे २०० ट्रेडवेअरवाले (मऊ, चिकट) टायर, ट्रॅकचे ब्रेकपॅड, पुढे तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला). इंजिनाला हात लावलेला नाही. मुक्काम फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. ट्रॅक बहुतेक वेळा विलोज गावाजवळचा थंडरहिल.

आधीचा इतिहास: पहिल्या मालकानंही गाडी ट्रॅकवर हाणलेली. त्याच्या बिलांच्या फायलीत उजव्या पुढच्या हबची (चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्या आत बेअरिंग असतं त्या भागाची) पावती आहे. गेल्या पावसाळी हंगामात तोच हब मी पुन्हा बदलला. डावीकडचा मात्र मूळचाच असावा.

१० मार्च २०२४, थंडरहिल ईस्ट

दुसऱ्या सेशनला आठव्या वळणातून बाहेर पडलो आणि पुढच्या ब्रेकिंगला पेडल अर्ध्यापर्यंत खाली गेलं. पुन्हा दाबलं तर घट्ट. पुढच्या लॅपला तीच जागा, तोच प्रकार. सरळ रस्त्यानंतर ब्रेक मारला की काही नाही, लांब वळणानंतर मारला की पहिला दाब फुकट.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथं) शेजारच्यानं लगेच निदान दिलं: ब्रेक ऑइल उकळलं. मला पटलं नाही. ऑइल उकळलं असतं तर पेडल स्पंजासारखं राहिलं असतं, दुसऱ्या दाबाला असं दगडासारखं झालं नसतं. शिवाय सेशन संपेपर्यंत ते बिघडतच गेलं असतं. हे वळणावर अवलंबून आहे, म्हणजे पिस्टन मागे ढकलले जाताहेत. वळणात डिस्क तिरकी होते, पॅडला मागे रेटते, आणि त्यानंतर ब्रेक मारला की आधी ती फट भरून काढावी लागते. डिस्क तिरकी व्हायची तर हब हलायला हवा.

उरलेला दिवस गाडी उभी ठेवली. प्रवेश फी गेली ती गेली.

परतताना आय-५ हायवेवर ताशी साठ मैलांच्या पुढे घूंऽऽ असा आवाज. लेन बदलताना गाडी डावीकडे वळवली की वाढतो, उजवीकडे वळवली की विरतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा संशयित उजवीकडचाच.

१२ मार्च

आवाज टायरचाही असू शकतो. ट्रॅकच्या टायरची कड करवतीसारखी झिजली की तो हुबेहूब बेअरिंगसारखा गुणगुणतो. म्हणून पुढची-मागची चाकं आपसांत बदलून हायवेवर एक चक्कर मारली. आवाज जागचा हलला नाही.

गाडी स्टँडवर. उजवं चाक १२ आणि ६ वर धरून हलवलं: टकटक. ९ आणि ३ वर धरून: तीच टकटक. फक्त १२-६ ला असती तर बॉल जॉइंट तपासला असता, फक्त ९-३ ला असती तर टाय रॉडचं टोक. दोन्हीकडे सारखी म्हणजे हब. खात्रीसाठी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवलं. स्प्रिंगमधून वाळू रगडल्यासारखी खरखर हाताला येते. ही युक्ती कानांपेक्षा भरवशाची आहे, कारण गॅरेजमध्ये हळू फिरवलेलं चाक क्वचितच आवाज करतं.

डायल गेज लावून अक्षीय प्ले (हब आत-बाहेर किती हलतो ते) मोजला. उजवा ०.१४ मिमी, डावा ०.०२. माझदाची कमाल मर्यादा ०.०५ मिमी.

मागची दोन्ही चाकं: प्ले नाही, आवाज नाही.

१६ मार्च

हब उघडला. २९ मिमीचा नट. स्टेकिंगची घडी (नट फिरू नये म्हणून त्याची कड खाचेत ठोकून बसवतात ती) जशीच्या तशी होती, म्हणजे नट फिरलेला नाही, पण पाना लावल्यावर अगदी सहज सुटला. लावताना २०० न्यूटन-मीटरला ओढला होता. सुटताना निम्मंही लागलं नसेल. नट फिरला नाही तरी ताण गेला. हे लक्षात ठेवायचं.

ज्यांनी हे आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मियाटाच्या पुढच्या चाकात स्पिंडल (हब ज्यावर बसतो तो दांडा) नकलचाच, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या आधाराचाच, भाग असतो आणि तो फिरत नाही. त्यावर हब सरकवायचा, आत दोन ओळींचं अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग, आतली रिंग दोन तुकड्यांची, ती स्पिंडलच्या खांद्याला, म्हणजे मुळाजवळच्या पायरीला, टेकते. बाहेरची रिंग म्हणजे खुद्द हबच. दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात ते नटच्या ताणानं, आणि बेअरिंगचा प्रीलोड (बॉल घट्ट धरून ठेवणारा आधीचा दाब) ठरतो तोही त्यामुळेच. हब विकत घेतला की बेअरिंग आतच येतं, प्रेसची भानगड नाही. म्हणूनच सगळे तो बदलतात आणि मोकळे होतात.

सील काढून रिंगा बाहेर घेतल्या. ग्रीस काळं, डांबराच्या गोळीसारखं, बोटाला चिकटेना. बॉलच्या मार्गावर धातूचे पापुद्रे निघालेले, दोन्ही ओळींत. बाहेरच्या ओळीच्या आतल्या रिंगवर खवले पूर्ण गोल फिरून आलेत. फोटो काढून ठेवले.

१७ मार्च

मामांना व्हिडिओ कॉल. मामा भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाले तरी बिघडलेला जॉब दाखवला की त्यांची झोप उडते, म्हणून इथली रात्र तिथली सकाळ बघूनच फोन केला.

"रिंग कॅमेऱ्याजवळ आण. आता फिरव. हळू रे! घाव पूर्ण गोल आहे का?"

"हो मामा, पूर्ण."

"तुझ्या गाडीत आतली रिंग जागेवर असते ना?"

"जागेवरच. फिरतो तो हब."

"मग भार दरवेळी रिंगच्या त्याच बाजूला यायला हवा, आणि घावही तिथंच. गोल घाव म्हणजे रिंग चालतीये. नवीन बेअरिंग टाकून काय होणार? खांदा बघितलास?"

"पुसला. चकचकीत दिसतोय."

"चकचकीत दिसतोय तेच वाईट. ब्लू लाव आणि मग मला फोन कर. अंदाजानं बोलू नकोस."

ब्लू म्हणजे दोन भाग एकमेकांना कुठं टेकतात ते दाखवणारा निळा रंग. फोन ठेवल्यावर डोकं भणाणलं. स्थिर रिंगवर भार एकाच कमानीत येतो, आणि वळणाच्या तिरक्या जोरामुळे दोन ओळींत तो समोरासमोरच्या बाजूंना. तिथंच खवले पडायला हवेत. रिंग जागेवर न राहता हळूहळू फिरतेय, पूर्ण गोल खवल्यांचा दुसरा अर्थ लागत नाही. आजवर सगळ्यांनी, पहिल्या मालकानं धरून, मेलेलं बेअरिंग बघितलं. ते ज्यावर बसतं ते कुणी बघितलं नाही.

२३ मार्च

मायक्रोमीटर उसना आणला. स्पिंडलवर आतली रिंग बसते त्या जागी दोन्ही बाजू मोजल्या. आकड्याशी मला देणंघेणं नाही, डावं-उजवं फरकाशी आहे. उजवं डाव्यापेक्षा ०.०४ मिमी बारीक, आणि ९० अंशांत फिरवून मोजलं तर ०.०२ नं लंबगोल. डावं चारही बाजूंनी सारखं.

मग ब्लू. नव्या रिंगच्या तोंडावर पातळ थर लावला, स्पिंडलवर सरकवली, हातानं दाबून थोडी फिरवली, काढली. खांद्यावर निळा ठसा पूर्ण वर्तुळाचा यायला हवा. आला जेमतेम एक तृतीयांश. उरलेल्या बाजूला ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आत जाते. डाव्या बाजूला ठसा पूर्ण, पट्टी जात नाही.

आता साखळी जुळते. खांदा एका बाजूनं खाल्लेला. त्यावर नवा हब टाकून नट ओढला की पाना बरोबर आकडा दाखवतो, पण सगळा ताण त्या एका उंचवट्यावर. दोन सेशन तापलं, हादरे बसले की उंचवटा चेपतो आणि नटचा ताण उतरतो. प्रीलोड जातो, रिंग चालायला लागते, चालताना खांदा आणि स्पिंडल आणखी खाते. बेअरिंग मरतं. पुढचा हब याच खाल्लेल्या खांद्यावर येतो, म्हणून आधीच्यापेक्षा लवकर जातो.

सुरुवात कशी झाली असेल? स्पिंडलच्या मुळाशी निळसर झाक आहे, पोलाद फार तापल्याची. माझा तर्क: पहिल्या मालकाकडे एखादा हब कोरडा पडून जाम झाला आणि त्यानं रिंग गरागरा फिरवली.

मामा म्हणाले स्पिंडल ग्राइंड कर, स्लीव्ह बसव, खांदा फेस करून घे. भोसरीत हे तासाभराचं काम असेल. इथं ज्या वर्कशॉपमध्ये विचारलं त्यांनी गाडीचा स्टिअरिंग नकल म्हटल्याबरोबर हात वर केले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. चाक ज्यावर उभं आहे तो भाग घासून बारीक करून त्यावर टोपी चढवायची माझीही छाती नाही. मामा नाराज झाले.

२४ मार्च

खांदा दोषी असला तरी रुंद चाकं आणि चिकट टायर निर्दोष ठरत नाहीत. आकडेमोड करून बघितली. चालकासह वजन १,१२० किलो, गुरुत्वमध्याची उंची ४६ सेंमी धरली, पुढच्या चाकांतलं अंतर १४१ सेंमी, पुढच्या बाजूचा भारबदलातला वाटा ५५ टक्के धरला.

साध्या टायरवर ०.८५ जी वळण (आडवा जोर वजनाच्या ०.८५ पट): बाहेरच्या पुढच्या चाकावर सुमारे ४५५ किलो, आडवा जोर सुमारे ३,८०० न्यूटन. टायरची दबलेली त्रिज्या २८ सेंमी, म्हणजे हबला उलटवू पाहणारं बलाघूर्ण (टॉर्क) १,०६० न्यूटन-मीटरच्या आसपास.

आताच्या टायरवर १.२ जी: ५२५ किलो, ६,२०० न्यूटन, साधारण १,७३० न्यूटन-मीटर. वाढ १.६ पटीची. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, तेव्हा १.६ चा घन ४ च्या वर. वळणात तेवढाच वेळ काढला तरी आयुष्य पाव. हा ढोबळ हिशेब आहे, उष्णता त्यात धरलेलीच नाही.

आणि ऑफसेट, ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात? ३६ आणि ४० मधला फरक ४ मिमी. ५२५ किलोवर त्याचं बलाघूर्ण २० न्यूटन-मीटरच्या आसपास, १,७३० च्या तुलनेत टक्का-सव्वा टक्का. तोही वळणात बाहेरच्या चाकावर आडव्या जोराच्या उलट दिशेनं. बेअरिंग चाक बाहेर काढल्यानं जात नाही, पकडीनं जातं. जाडजूड स्पेसर लावणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल, पण माझ्या ४ मिमीवर खापर फोडायचं कारण नाही.

थंडरहिल ईस्टवर दुसरं वळण म्हणजे संपता न संपणारं डावं, आठवं म्हणजे वेगातलं डावं. उजवा पुढचा कोपराच का जातो, याला वेगळं स्पष्टीकरण नको.

६ एप्रिल

जुन्या गाड्यांच्या यार्डात त्याच पिढीची, मागून ठोकलेली मियाटा मिळाली. पुढचा भाग शाबूत. हत्यारं आपली, काढायचं आपण, पैसे जाताना. उजवा नकल काढला. टाय रॉडचा टेपर (शंकूसारखं घट्ट बसलेलं टोक) सुटत नव्हता. नट एक-दोन आटे ढिला ठेवून नकलच्या डोळ्यावर बाजूनं हातोड्याचे दोन ठोके दिले, सुटला. आट्यांवर ठोकणारे लोक नंतर टाय रॉड विकत घेतात.

यार्डातच ब्लूचा ठसा घेतला, पूर्ण गोल आला. शेजारी रेडिएटर काढत बसलेल्या माणसानं विचारलं, रंगकाम चाललंय का.

१३ एप्रिल

आज डाय पेनिट्रंटचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा रंगानं दाखवणाऱ्या द्रवाचे) तीन डबे आणले: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. यार्डातला नकल स्वच्छ करून स्पिंडलच्या मुळाशी लाल फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसला, वर पांढरा. काही उमटलं नाही. नकल पास.

डबे उघडलेच आहेत म्हणून डावा हबही काढला. हाच तो बिनतक्रार हब: प्ले ०.०२, आवाज नाही, चाक लोण्यासारखं फिरतं. बेअरिंग उघडलं तर तेही ठीक, ग्रीस तपकिरी झालेलं पण ओलं. फ्लँज (हबची चाक बसतं ती थाळी) जिथं हबच्या नळीला मिळते त्या गोलाईवर लाल फवारा, पुसणं, पांढरा.

दोन मिनिटांत एक बारीक लाल रेघ वर आली. गोलाईच्या मुळाशी, नखाएवढी लांब, दोन स्टडच्या मधोमध. पुसून पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. पॉलिश पेपर मारून तिसऱ्यांदा केलं, रेघ गेली नाही.

इथं हातातलं काम थांबवून बसलो. उजव्यानं निदान आरडाओरडा केला होता. पेडल, घूंऽऽ, टकटक, सगळे इशारे दिले. हा डावा डायलवर पास, हातावर पास, कानावर पास, आणि फ्लँज तडकत चाललेली. बेअरिंग संपलं तर चाक डुगडुगतं. फ्लँज तुटली तर चाक डिस्कसकट गाडीच्या पुढे निघून जातं. ट्रॅकवरच्या मियाटांना हे झालेलं आहे, ऐकीव गोष्ट नव्हे. चाक दर फेरीला फ्लँजला एकदा वाकवतं आणि सोडतं. धातू या फेऱ्या मोजत असतो, डायल मोजत नाही.

तेव्हा नियम: इथून पुढे पुढच्या हबना मुदत. प्ले कितीही सुंदर असो, दोन हंगाम झाले की भंगारात, आणि मध्ये दर हिवाळ्यात पेनिट्रंट. मित्र म्हणाला, हे पैसे उधळणं आहे. असेल.

डाव्या हबवर ग्राइंडरनं आडवा काप मारूनच टाकला, म्हणजे कुणी कचऱ्यातून उचलून वापरायला नको.

१४ एप्रिल

दोन नवे हब, मूळ दर्जाचे. निम्म्या किमतीतले मिळतात. त्यातलाच एक मागच्या वेळी टाकला होता. तो खांद्यानं मारला की स्वतःच्या कर्मानं मेला हे आता ठरवता येणार नाही, पण फ्लँजचं पोलाद कुठलं आहे हे मला माहीत नसलेला हब आता नको.

नवे असूनही उघडले. कारखान्यातलं ग्रीस रस्त्याच्या गाडीसाठी ठीक, प्रमाणही बेताचं. पूर्ण धुतलं, वाळवलं, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं उच्च तापमानाचं सिंथेटिक ग्रीस भरलं. जुनं पूर्ण धुवायचं कारण: मूळचं ग्रीस पॉलियुरियाचं असलं तर लिथियममध्ये मिसळून दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. ठासून भरायचं नाही. फार भरलं की ग्रीस घुसळलं जाऊन स्वतःच तापतं आणि सील बाहेर ढकलतं. रिंगांच्या जोड्या आणि दिशा अदलाबदल होऊ दिल्या नाहीत, प्रत्येक हब वेगळ्या ताटलीत.

जोडणी: खांदा पुसला, ब्लूचा शेवटचा ठसा, पूर्ण. हब सरकवला. नवा नट (एकदा स्टेक केलेला परत वापरायचा नाही). मॅन्युअलमध्ये १६७ ते २१५ न्यूटन-मीटर. २०५ ला ओढला, हब फिरवत फिरवत, म्हणजे बॉल आपली जागा घेतात. सोडला, परत २०५. मग स्टेकिंग, आणि नट ते स्पिंडलच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ. रेघ तुटली तर नट हलला. रेघ न तुटता ताण जाऊ शकतो हे मार्चमध्ये बघितलंच, म्हणून रेघेच्या जोडीला दर वेळी डायल.

प्ले: दोन्हीकडे ०.०१.

२० एप्रिल

अलाइनमेंट. नकल बदलल्यानं उजवा कॅम्बर अर्ध्या अंशानं सरकला होता. जागेवर आणला.

४ मे, थंडरहिल ईस्ट

पहिलं सेशन मुद्दाम सावकाश. दुसऱ्यात आठव्या वळणात पूर्ण भार. पुढच्या ब्रेकला पेडल वरच, पहिल्या दाबाला. पुन्हा एक लॅप, तसंच. दुपारपर्यंत डाव्या पायानं पेडल चाचपायची सवयही गेली.

हबच्या नळीवर तापमानपट्ट्या चिकटवल्या होत्या, ज्यांचा ठिपका काळा झाला की परत पांढरा होत नाही. उजवा ११६ अंशांपर्यंत काळा, डावा ११०. संध्याकाळी थंड झाल्यावर प्ले: ०.०१ आणि ०.०१.

१३ जुलै, थंडरहिल ईस्ट

सॅक्रामेंटो खोऱ्यातला जुलै. दुपारी हवाच ४१ अंश. पॅडॉकमधल्या डांबरात जॅक रुतला. उजवा हब १४९ च्या ठिपक्यापर्यंत काळा. ग्रीस यात टिकेल, सील टिकेल असं वाटत नाही. सीलच्या नायट्राइल रबराला १०० ते १२० च्या वर फार काळ ठेवलं की ते कडक होतं, मग ग्रीस बाहेर आणि धूळ आत.

उष्णता येते डिस्ककडून. डिस्क फ्लँजला चिकटून असते आणि फ्लँज म्हणजेच बाहेरची रिंग, म्हणजे मध्ये अडसर काहीच नाही. बंपरमधून तीन इंची होज ओढून थेट डिस्कच्या मधल्या भोकाकडे सोडायचा. डिस्कच्या एका बाजूवर हवा मारली तर डिस्कच तडकेल. मध्यात सोडली की हबवरूनही जाते आणि डिस्कच्या आतल्या पंख्यांतूनही.

२७ जुलै

होज बसवला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर होजला घासतो. चेपून लंबगोल केला, विशबोनला (सस्पेन्शनच्या आडव्या दांड्याला) बांधला. सुरेख दिसत नाही.

१७ ऑगस्ट, थंडरहिल ईस्ट

हवा ३८ अंश. उजवा हब १२१, डावा ११६. जुलैइतकं ऊन नव्हतं, त्यामुळे सगळं श्रेय होजला देत नाही, पण ठिपक्यांमधला फरक हवेतल्या फरकापेक्षा बराच मोठा आहे.

प्ले: उजवा ०.०२, डावा ०.०१. पिवळ्या रेघा अखंड. उजव्याची बाहेरची सील नखानं दाबून बघितली, अजून मऊ. मामांना आकडे पाठवले, उत्तर आलं, "उजव्याला वाढतंय. लक्ष ठेव."

मागचं डावं बेअरिंग स्प्रिंगवर हात ठेवून फिरवलं तर किंचित खरखरीत लागलं. ते नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं, प्रेसशिवाय निघत नाही. प्रेस असलेल्या मित्राला विचारून ठेवलंय. काढलं की रिंगची बैठक आधी मोजायची.